ढेकणांसाठी गादीची खोळ आणि गोव्याच्या दमट हवेतली झोप

ढेकणांवर गादीला सहाही बाजूंनी बंद होणारी, चेनची खोळ घालणं हा चांगला उपाय आहे. त्यात विष नाही, गादी फेकून द्यावी लागत नाही, आणि एकदा नीट घातली की रोजचं काम उरत नाही. तरीही गोव्यातल्या बऱ्याच घरांत तो अर्ध्यावर सुटतो. जानेवारीत हौसेने घातलेली खोळ एप्रिल-मेच्या उकाड्यात अंगाखाली तापते, पाठीला घाम सुटतो, कूस बदलली की प्लास्टिक कुरकुरतं. मग एका रात्री वैतागून घरातलं कुणीतरी ती काढून टाकतं आणि आत कोंडलेले उपाशी ढेकूण पुन्हा मोकळे होतात. म्हणून खोळीवर सुखाची झोप लागणं हा उपचाराचाच भाग धरावा, असं माझं ठाम मत आहे. खोळ निवडताना, घालताना आणि वरून अंथरूण घालताना तोच विचार डोक्यात ठेवायचा.

खोळ ढेकूण मारत नाही. आत असलेले ढेकूण आणि अंडी ती आतच कोंडते आणि रक्त न मिळाल्याने ते काही महिन्यांत मरतात. शिवाय बाहेरून येणाऱ्यांना लपायला जागा ठेवत नाही. गादीच्या कडेची पायपिंग, शिवणी, टाक्यांचे खळगे, हवा जायला ठेवलेली भोकं, कंपनीचं लेबल, उचलायच्या पट्ट्या ही सगळी ढेकणांची आवडती ठिकाणं. खोळीच्या सपाट कापडावर यांतलं काहीच नसतं. ढेकूण आला तर तो किंवा त्याच्या विष्ठेची काळी टिंबं लगेच दिसतात. खोळ पांढरीच घ्यावी ती यासाठी. गडद रंगाच्या किंवा नक्षीच्या खोळीवर हा फायदा वाया जातो.

पूर्ण वाढलेला ढेकूण ५ ते ७ मिलिमीटरचा, म्हणजे सफरचंदाच्या बीएवढा असतो. नुकतंच अंड्यातून निघालेलं पिल्लू मात्र जेमतेम दीड मिलिमीटर, फिकट, आणि रक्त प्यायलेलं नसेल तर जवळजवळ पारदर्शक. ते चपटं होऊन कुठेही शिरतं. उबदार हवेत अंडं साधारण ६ ते १० दिवसांत फुटतं, पिल्लू पाच वेळा कात टाकतं आणि प्रत्येक कातीआधी त्याला रक्त लागतं. मोठा ढेकूण अडवणारी खोळ हे पिल्लू अडवेलच असं नाही, आणि खोळीचा कस लागतो तो या दीड मिलिमीटरच्या पिल्लापाशी.

दुकानात मागितली तर काय मिळतं

दुकानात जाऊन ‘मॅट्रेस प्रोटेक्टर’ मागितला की बहुतेक वेळा हातात पडतं ते इलॅस्टिकचं आवरण, म्हणजे वरून घालायचं, चार कोपऱ्यांना ताणून बसवायचं, पाणी न झिरपणारं. लहान मूल अंथरूण ओलं करतं तिथे ते उत्तम. ढेकणांसाठी त्याचा काहीच उपयोग नाही, कारण गादीची खालची बाजू उघडीच राहते. उलट इलॅस्टिकच्या चुण्या म्हणजे ढेकणांना नवी फट. मागताना स्पष्ट सांगायचं, गादी पूर्ण आत जाईल अशी, चेनची, सहाही बाजूंनी बंद होणारी खोळ हवी. ऑनलाइन घेताना खालच्या बाजूचा फोटो बघावा. तो नसेल तर ती खोळ सोडून द्यावी.

चेन किती बाजूंना आहे हेही बघायचं. एकाच आखूड बाजूला चेन असेल तर गादी पिशवीत कोंबल्यासारखी आत ढकलावी लागते. आठ इंची स्प्रिंगच्या गादीला हे करताना शिवण उसवते किंवा आतलं लॅमिनेशन, म्हणजे कापडाला मागून दिलेला पाणी अडवणारा पातळ थर, घासून फाटतं. तीन बाजूंना फिरणारी चेन असलेली खोळ पुस्तकासारखी उघडते. गादी तिच्यावर ठेवायची आणि वरचा भाग पांघरून बंद करायचा. जड गादीला हीच घ्यावी.

मग चेन स्वतः. दाते बारीक हवेत. चेन बंद करून खोळ आतून खिडकीच्या उजेडासमोर धरावी. दात्यांमधून उजेडाची टिंबं दिसत असतील तर नको. चेनच्या मागे आतून कापडाची किंवा फोमची पट्टी असेल तर फारच चांगलं. खरी गळती होते ती चेनच्या टोकाला, जिथे रनर येऊन थांबतो. तिथे रनरच्या जाडीमुळे दोन-तीन मिलिमीटरची फट राहते. तपासायची सोपी रीत म्हणजे चेन पूर्ण बंद करून टोकाशी जाड कागदाचा कोपरा सरकवून बघायचा. कागद गेला तर पिल्लूही जाईल. चांगल्या खोळीत या टोकावर एक छोटा कप्पा किंवा वेल्क्रोची पट्टी असते आणि रनर तिच्याखाली दाबला जातो. ती नसेल तर चेन बंद केल्यावर शेवटचे दोन इंच कापडी चिकटपट्टीने आडवे-उभे चिकटवावेत आणि रनर सेफ्टी पिनने शिवणीला अडकवावा. रात्री कूस बदलताना रनर अर्धा इंच मागे सरकतो आणि कुणाला कळतही नाही. पिन त्यासाठी.

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी, म्हणजे कळंगुट, बाणावली, पाळोळे अशा पट्ट्यात, धातूचे दाते असलेली चेन टाळावी. खाऱ्या दमट हवेत ती एका पावसाळ्यात गंजते आणि बंद असतानाच दाते सुटतात. नायलॉनची चेन घ्यावी. रनर धातूचा असेल तर बसवण्याआधी त्याच्यावर मेणबत्ती घासावी.

शिंप्याकडून शिवून घेतली तर

म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात कापड घेऊन खोळ शिवून घेणारे पुष्कळ आहेत, आणि नीट सांगून शिवली तर काही गाद्यांसाठी ती चालते. घरातल्या काथ्याच्या गाद्यांची मापं बाजारातल्या तयार खोळींशी जुळत नाहीत, जुन्या पलंगांची तर मुळीच नाहीत. तिथे शिंप्याशिवाय इलाज नसतो. कापड घट्ट विणीचं, न ताणलं जाणारं सुती हवं. उजेडासमोर धरून दोन्ही हातांनी ताणलं तरी विणीत भोकं उघडता कामा नयेत. मलमल, होजिअरी, जाळीदार काहीही चालणार नाही, कारण पातळ ताणलेल्या कापडातून ढेकूण चावूही शकतो. कापड आधी एकदा गरम पाण्यात धुऊन आटवून घ्यावं, नाहीतर पहिल्या धुण्यातच खोळ आखडते. शिंप्याला सांगायचं की कडा आत दुमडून दोनदा शिवण घाल, टाका बारीक ठेव, आणि चेनच्या दोन्ही टोकांवर तीन इंचांचा दुहेरी कापडाचा कप्पा शिव. नेहमीच्या अभ्र्याची चेन टोकाला उघडी सुटते, हे त्याला दाखवूनच द्यावं. अशा खोळीतून पाणी झिरपतं, पण ती लॅमिनेशनच्या खोळीपेक्षा पुष्कळ थंड असते. ज्यांना घामाचा त्रास जास्त आहे त्यांना मी हीच सुचवेन.

माप

गादीची लांबी-रुंदी सगळे मोजतात, जाडी विसरतात. आपल्याकडे ७२ × ३६, ७२ × ४८, ७२ × ६०, ७८ × ७२ इंच अशी मापं नेहमीची, आणि जाडी ४ इंचांपासून १० इंचांपर्यंत काहीही. चार कोपरे आणि मध्य अशी पाच ठिकाणी जाडी मोजावी. जुन्या गादीचा मध्य खचलेला असतो, तेव्हा सगळ्यात मोठा आकडा धरायचा. खोळ जाडीला फार तर एक इंच सैल असावी. सहा इंची गादीला दहा इंची खोळ घातली की वरती कापडाच्या घड्या पडतात. त्या पाठीला टोचतात, आवाज करतात, घडीवर कापड झिजून फाटतं आणि घडीतच ढेकूण बसतात. घट्ट खोळीचा त्रास वेगळा. चेन ताणावर राहते, कोपऱ्यातली शिवण उसवते आणि मेमरी फोमची गादी दाबली जाऊन कडक लागते.

खोळीचं कापड आणि घाम

सर्वांत स्वस्त खोळ जाड प्लास्टिकची, म्हणजे पीव्हीसीची. ती ढेकूण अडवते खरी, पण गोव्यात तिच्यावर झोपणं ही शिक्षा आहे. हवा जात नाही, घाम वरच साचतो, आणि वर्षभरात घड्यांवर चिरा पडतात. दुसरा प्रकार न विणलेल्या पॉलिप्रोपिलीनच्या कापडाचा, डॉक्टरांच्या वापरून फेकायच्या गाऊनसारखा. तो हवा जाऊ देतो पण लवकर फाटतो. सामान ठेवायला ठीक, रोज झोपायला नाही. तिसरा म्हणजे विणलेल्या पॉलिएस्टर, सुती टेरी किंवा बांबू व्हिस्कोसच्या कापडाला मागून पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला. घरात वापरायला हाच. त्यातही वरचं कापड सुती किंवा व्हिस्कोस असलेलं घ्यावं, कारण ते घाम टिपतं. नुसतं पॉलिएस्टर टिपत नाही.

पाकिटावर ‘श्वास घेणारं कापड’ असं काही लिहिलेलं असतं. ते खोटं नसतं, पण गोव्यात अर्धंच खरं ठरतं. या पातळ थरातून वाफ बाहेर पडते ती आतल्या-बाहेरच्या दमटपणात फरक असेल तरच. अंगाशी दमट आणि गादीकडे कोरडं असेल तर वाफ सरकते. जुलै महिन्यात फोंड्यात किंवा डिचोलीत खोलीतली हवाच पाण्याने भरलेली असते, गादीही दमट असते, तेव्हा वाफेला जायला जागा नसते. महागातली महाग खोळही त्या दिवसांत घाम आतून बाहेर नेऊ शकत नाही. म्हणून पावसाळ्यात आणि मेमध्ये सगळा भार पडतो तो खोळीवर अंथरलेल्या सुती थरावर.

हा थर नेमका काय असावा? खोळ आणि बेडशीट यांच्यामध्ये एक जाडसर सुती कापड हवं. हातमागाची जाड चादर दुमडून, मांजरपाटाची दुहेरी शिवलेली पासोडी, किंवा बाजारात मिळणारा सुती भरणाचा धुता येणारा पॅड. हा थर घाम शोषतो, प्लास्टिकचा आवाज दाबतो आणि अंगाला खोळीचा स्पर्श होऊ देत नाही. घरची गोधडीही चालते, पण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवायची तयारी असेल तरच. गोधडीच्या टाक्यांमध्ये आणि थरांमध्ये ढेकणांना गादीइतकीच जागा असते, आणि पावसात ती वाळत नाही. असे थर दोन ठेवावेत, एक वापरात, एक धुण्यात. वर साधी सुती बेडशीट. मायक्रोफायबरची चादर लॅमिनेशनच्या खोळीवर घातली तर खोळीचा पैसा फुकट जातो, घाम फुटतोच.

चादर घसरते ही दुसरी तक्रार. लॅमिनेशनच्या खोळीवर कापड सरकतं. खोल कोपऱ्यांची इलॅस्टिकची चादर घ्यावी, किंवा गादीखालून दोन कोपरे जोडणाऱ्या इलॅस्टिकच्या पट्ट्या चिमट्यांसह मिळतात त्या लावाव्यात. सेफ्टी पिन खोळीत कधीही टोचू नये. चेनच्या टोकाशी जी पिन लावायची ती फक्त बाहेरच्या शिवणपट्टीला.

नव्या खोळीला येणारा रसायनासारखा वास दोन-तीन दिवस बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, सावलीत टांगून ठेवली की बराच जातो. उन्हात टाकू नये, पॉलियुरेथेन उन्हाने कडक होतं. एकदा धुवायची असेल तर ती आत्ताच, लेबलवर लिहिलेल्या तापमानाला. ब्लीच नको, फॅब्रिक सॉफ्टनर नको, इस्त्री तर नकोच. एकदा गादीवर चढली की वर्षभर ती निघणार नाही.

कधी बसवावी

गोव्यात याचं उत्तर स्पष्ट आहे, नोव्हेंबर ते मे. दमट गादी बंद खोळीत कोंडली तर ढेकणांच्या जोडीला बुरशी येते. काथ्याच्या आणि कापसाच्या गाद्यांत तर हमखास. आत काळे डाग पडतात आणि खोलीला कुबट वास येतो. गादी दोन-तीन दिवस दोन्ही बाजूंनी कडक उन्हात वाळवावी, मग एक रात्र पंख्याखाली उभी ठेवावी आणि तेव्हाच खोळ घालावी. भर पावसात ढेकूण सापडले आणि थांबणं शक्य नसेल तर गादी बंद खोलीत एसीच्या ड्राय मोडवर किंवा डीह्युमिडिफायर लावून एक पूर्ण दिवस उभी ठेवावी, अधूनमधून बाजू बदलावी.

ऊन गादी वाळवतं, ढेकूण मारत नाही, हे इथे सांगायलाच हवं. ढेकूण मरायला सुमारे ४८ अंश सेल्सिअस तापमान लागतं, आणि अंडी मरायला ते दीड तासापर्यंत टिकावं लागतं. गादीचा वरचा पृष्ठभाग तापतो, पण आत तीन-चार इंचांवर आणि खालच्या सावलीत तेवढी उष्णता पोचत नाही. ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात, काही तर अंगणात उतरून चिऱ्याच्या फटींतून परत घरात शिरतात. गादी उन्हात न्यायची तर मोठ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळूनच खोलीबाहेर काढावी.

बसवण्याआधीची तयारी

चावे दिसले म्हणजे ढेकूणच, असं गोव्यात धरू नये. डास आणि बारीक चिलटांचे चावेही तसेच दिसतात. टॉर्च आणि एक जुनं प्लास्टिक कार्ड घ्यावं आणि गादीच्या शिवणी कार्डाने उघडत बघत जावं. काळी टिंबं दिसतील, ती ओल्या कापसाने पुसली की तपकिरी पसरतात. फिकट काती आणि शिवणीला चिकटलेली पांढरी, मिलिमीटरभर लांबीची अंडी दिसतील. यांपैकी काहीतरी सापडायला हवं.

अंथरूण तिथल्या तिथे पिशवीत भरून तोंड बांधावं आणि मगच खोलीबाहेर न्यावं. ६० अंशांच्या पाण्यात धुवावं. मशीनमध्ये तेवढं तापमान नसेल तर उकळतं पाणी टबात ओतून कपडे तासभर झाकून ठेवावेत. ड्रायर असेल तर पूर्ण उष्णतेवर अर्धा तास. धुता न येणाऱ्या लहान वस्तू, मुलांची मऊ खेळणी वगैरे, पिशवीत बंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवाव्यात. फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात इतकी थंडी असतेच असं नाही.

गादी कडक ब्रशने शिवणींवर घासत वॅक्यूम करावी, बारीक तोंडाची नळी लावून. अंडी चिकटलेली असतात, नुसत्या ओढीने निघत नाहीत. वॅक्यूमची पिशवी लगेच बांधून घराबाहेर टाकावी. स्टीमर असेल तर शिवणींवरून अगदी सावकाश फिरवावा, एका फुटाला दहा-पंधरा सेकंद. झपाट्याने फिरवला तर ढेकूण वाफेने उडून दुसरीकडे पडतात. वाफेनंतर गादी पुन्हा पूर्ण वाळवायची. या सगळ्याने आतले सगळे मरतील अशी अपेक्षा नाही. उरलेल्यांसाठीच खोळ आहे.

गादीवर औषध मारून मग खोळ घालणं मला पटत नाही. घरगुती स्प्रेमधल्या पायरेथ्रॉइड औषधांना ढेकूण बऱ्याच ठिकाणी दाद देत नाहीत, आणि धूर सोडणारे डबे तर त्यांना भिंतींच्या फटींत पांगवतात. रॉकेल ओतू नये, पलंग पेटायला एक काडी पुरते. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, ज्या धान्याच्या कोठारासाठी असतात, त्या तर घरात आणूच नयेत. त्यातून निघणाऱ्या फॉस्फीन वायूने भारतात घरंच्या घरं दगावली आहेत. सर्वसामान्य माणसाला त्या वापरायला परवानगीही नाही.

आता पलंग. खोळ फाटते ती बहुतेक वेळा पलंगामुळे. फळीतून वर आलेला खिळा, प्लायची चिरफाळलेली कड, स्प्रिंगच्या गादीची बाहेर आलेली तार. फळ्यांवरून हात फिरवून (जाड मोजा घालून) खिळे ठोकून घ्यावेत, कडा सँडपेपरने घासाव्यात. काथ्याच्या गादीचे कोपरे खरखरीत असतात, त्यांना आधी जुन्या चादरीचे तुकडे गुंडाळावेत. जुन्या शिसवी पलंगांच्या कोरीव कामात, खुंट्यांच्या भोकांत आणि डोक्याकडच्या फळीमागे ढेकूण गादीपेक्षाही जास्त असतात. ती फळी सुटत असेल तर सोडवून मागची बाजू बघावी, वाफ द्यावी, आणि फटी लाकडाच्या लांबीने (पुट्टीने) बुजवाव्यात. सामानाच्या पेटीचा पलंग असेल तर आतल्या कोपऱ्यांतल्या स्टेपलच्या ओळी पाहाव्यात. नवारीच्या खाटेला खोळीने काहीच होत नाही. नवार सोडून उकळत्या पाण्यात घालावी आणि खाटेचे सांधे वेगळे हाताळावेत.

प्रत्यक्ष बसवणं दोघांचं काम आहे. खोळ पलंगावर उघडी पसरावी, गादी उभी करून लांब कडेवर टेकवावी, खालची धूळ पुसावी आणि सावकाश खोळीवर आडवी करावी. ओढायची नाही, उचलायची. कोपरे जुळवून वरचा भाग पांघरावा, मधोमधून कडांकडे हाताने हवा काढावी, आणि चेन लावताना एकाने दोन्ही कडा जवळ धरून ठेवाव्यात म्हणजे रनरवर ताण येत नाही. चेन पूर्ण लागल्यावर टोक बंद. मग मार्करने चेनशेजारच्या पट्टीवर तारीख लिहावी.

उशांनाही खोळ हवी, नाहीतर सगळं अर्धवट. मात्र उशीला लॅमिनेशनची खोळ नको. डोकं ठेवलं की ती फुग्यासारखी फुगते आणि कानाशी आवाज करते. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांसाठी मिळणाऱ्या घट्ट विणीच्या, लॅमिनेशन नसलेल्या चेनच्या खोळी उशांना बऱ्या, त्यांचीही चेन वर सांगितल्याप्रमाणे तपासून. वर नेहमीचा सुती अभ्रा.

पलंग वेगळा ठेवणं

खोळ घातल्यावर गादी सुरक्षित होते, झोपणारा माणूस होत नाही. भिंतीतून, सोफ्यातून, स्विचबोर्डातून ढेकूण येऊ शकतात. पलंग भिंतीपासून अर्धा फूट बाहेर ओढावा, चादर जमिनीला लागू देऊ नये, पलंगाखाली बॅगा आणि जुनी वर्तमानपत्रं ठेवू नयेत. मच्छरदाणी हा गोव्यातला विसरला जाणारा पूल आहे. चार दोऱ्यांनी भिंतीच्या खिळ्यांना बांधलेली मच्छरदाणी म्हणजे ढेकणांना चार रस्ते. पलंगाच्या दांड्यांना बांधलेली, गादीखाली खोचलेली मच्छरदाणी चालते.

पलंगाच्या पायांखाली दुहेरी भिंतीचे प्लास्टिकचे सापळे ठेवता येतात. बाहेरून चढायला खरखरीत, आतून गुळगुळीत, आत पडलेला ढेकूण वर येऊ शकत नाही अशी त्यांची रचना. आपल्याकडे उष्ण प्रदेशातली सायमेक्स हेमिप्टेरस ही जात आढळते आणि तिच्या पायांवरचे चिकट केस जास्त दाट असल्याने ती गुळगुळीत भिंतीवरही चढू शकते. म्हणून आतल्या बाजूला टाल्कम पावडरचा पातळ हात द्यावा, दर आठवड्याला पुसून नव्याने, आणि सापळ्यावर पूर्ण विसंबू नये. कुठून येतात हे कळायला मात्र तो फार उपयोगी. मुंग्यांसाठी ठेवतात तशा पाण्याच्या वाट्या पायांखाली ठेवू नयेत. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

नंतर काय बिघडतं

पहिले दोन-तीन आठवडे चावे येत राहतात, ते बाहेरच्या ढेकणांचे. खोळ निकामी आहे असं समजून ती काढण्याची चूक याच काळात होते. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, नंतर महिन्यातून एकदा कोपरे, चेनचं टोक आणि खालची बाजू टॉर्चने बघावी. फाटलेलं दिसलं तर कापड पुसून कोरडं करून दोन्ही बाजूंना एक इंच पुढे जाईल असा जाड कापडी टेपचा तुकडा लावावा. मोठं फाटलं असेल तर खोळ काढू नये, तिच्यावरूनच दुसरी, एक इंच मोठी खोळ चढवावी.

किती दिवस ठेवायची? उष्ण हवेत उपाशी ढेकूण थंड प्रदेशातल्यापेक्षा लवकर मरतात, सहसा काही महिन्यांतच. तरी पूर्ण एक वर्ष ती उघडू नये. एसी सतत चालणाऱ्या खोलीत तर मुळीच नाही. आणि वर्षानंतरही काढायचं कारण नसतं, चांगल्या स्थितीत असेल तर राहू द्यावी.

घर बंद ठेवलं की ढेकूण मरतील, या भरवशावर पर्यटन हंगामानंतर खोल्या चार महिने कुलूपबंद करणारे होमस्टेवाले ऑक्टोबरात फसतात. हंगाम संपताना प्रत्येक गादीची खोळ तपासून, चेन बंद असल्याची खात्री करून मगच खोली बंद करावी. दोन पाहुण्यांमधल्या साफसफाईत सुती थर बदलताना खोळीच्या चार कोपऱ्यांवर टॉर्च मारायला दोन मिनिटं पुरतात.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मूळ घरी सगळं गणगोत जमतं तेव्हा माळ्यावरच्या कापसाच्या गाद्या खाली येतात. या गाद्या गुंडाळून ठेवायच्या असल्याने त्यांना लॅमिनेशनची खोळ घालू नये, घडीवर ती फाटतेच. त्यांना शिवलेली सुती चेनची खोळ घालावी. चवथ संपल्यावर हवा दमट असते, तेव्हा पंख्याखाली वाळवून तात्पुरत्या ठेवाव्यात, आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या उन्हात पुन्हा दोन दिवस वाळवून मगच जाड पॉलिथिनमध्ये गुंडाळाव्यात. पॉलिथिनची तोंडं चिकटपट्टीने बंद करावीत आणि गाद्या भिंतीला न टेकवता माळ्यावर ठेवाव्यात.